तळ्याच्या दोन बाजू

"डॉक्टरांनी पन्नास पावलं सांगितलीत, बाबूजी. पन्नास झाली की माघारी यायचं अन् बाकावर बसायचं," सासऱ्यांच्या हातात काठी देत एकतानं बजावलं आणि स्कूटी वळवली.

कन्हैयालाल मोती तलावाच्या फाटकाशी उभे राहिले. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते. गुडघ्याची त्यांना फारशी फिकीर नव्हती, फिकीर होती ती जहांगीर मिस्त्रींची.

अकरा वर्षं दोघे रोज तळ्याला तीन फेऱ्या घालत, पण जोडीनं कधीच नाही. बियाण्याच्या दुकानात आयुष्य गेलेले कन्हैयालाल तळं उजव्या हाताला ठेवत, पायांना देवळातल्या प्रदक्षिणेची सवय. मोटारी दुरुस्त करणारे जहांगीर हजहून आल्यापासून तळं डाव्या हाताला ठेवत, काब्याभोवती तसंच फिरतात. आपली बाजू कुणी सोडली नाही. त्यामुळे एका फेरीत दोनदा गाठ पडे, पलीकडे पंपघराशी आणि अलीकडे फाटकाशी. गोष्ट सुरू करायची, ऐन रंगात तोडायची आणि उरलेली पुढच्या भेटीला. पन्नास पावलांच्या माणसाला हे सुख आता कुठलं, या विचारानं शेठजींना चार दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

"या शेठ," जहांगीर समोर आले. "चला, आज मी तुमच्या बाजूनं येतो."

मिस्त्री तळं उजवीकडे ठेवून चाललेले पाहून लोक वळून बघू लागले. दहा पावलं झाली, वीस झाली.

"बोला की कायतरी," कन्हैयालाल म्हणाले.

"काय बोलू? तुम्ही तर बाजूलाच."

कन्हैयालालना हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपल्याला सांभाळायला या माणसानं आपली बाजू सोडावी, हे त्यांना बिलकुल खपेना. बाकाशी परतल्यावर ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही तुमच्या बाजूनं जा. मी बसतो बराबर."

जहांगीर जरा थांबले. "बरं. माझी नात तरन्नुम, काल स्कूटी घेऊन एकटी पार मंठा गावाला गेल्ती. घरात कुणाला पत्ता न्हाई."

"मंग?"

पण मिस्त्री निघालेसुद्धा होते, तळं डाव्या हाताला ठेवून.

बाकावरून पलीकडचा काठ दिसत होता. मिस्त्री पंपघराशी पोचले आणि थांबले. समोर कुणी नव्हतं. तरी रोजच्याइतका वेळ ते तिथे उभे राहिले आणि मग त्यांनी हात वर केला. कन्हैयालालनी काठी वर केली.

मग ते उठले. डॉक्टरांची पन्नास पावलं मघाशीच संपली होती. त्यांनी दुसरी पन्नास काढली. तळं उजव्या हाताला ठेवून मोजत मोजत चालले आणि पन्नासाव्या पावलाला थांबले. समोरून जहांगीर येत होते, नेहमीपेक्षा जल्दी.

"मंठ्याला कशाला गेल्ती?" शेठजींनी विचारलं.

"मोटार दुरुस्त करायला. एकटीनं केली," मिस्त्री धापा टाकत म्हणाले. "कुणाची, ते उद्या."

त्यांनी वाटेकडेचा एक दगड उचलून शेठजींच्या चपलेपुढे ठेवला. "उद्या ह्याच्या पुढं भेटू."

आणि शेठजींना आधाराचा हात न देता ते फाटकाकडे निघून गेले.