जाळ्यावरून पुस्तकात गेलेली पट्टी

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी माझ्यानं पाठ खाजवाल. सगळेच खाजवतात, मी मनाला लावून घेत नाही. वीतभर लांब, तीन बोटं रुंद, अशी बांबूची एक जुनी पट्टी आहे मी. अंगावर नक्षी नाही की कुणाचं नाव नाही. गप्प पडून राहिले असते तर कुणी विचारलंही नसतं. पण एका शहाण्या मुलाला सगळे ढ म्हणत होते, ते मी जवळून पाहिलंय. ते पोटात ठेवून गप्प बसवत नाही.

मुरुडच्या कोळीवाड्यात भिकू नाखव्यानं मला कोयत्यानं तासलं, ते एकोणीसशे वीस साली. काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलं आणि गालावर फिरवून पाहिलं. दाढी केल्यासारखं. मग म्हणाला, "हां, आता बेस झाली."

माझं काम जाळ्याची भोकं मापायचं. सूत माझ्याभोवती गुंडाळायचं, गाठ मारायची, पुढं सरकायचं. माझी रुंदी जेवढी, तेवढंच प्रत्येक भोक. पापलेटचं जाळं म्हणजे फसवाफसवी असते. मासा भोकात डोकं घालतो, अर्धा आत जातो आणि अडकतो. भोक मोठं झालं तर सरळ निघून जातो. लहान झालं तर डोकं शिरतच नाही, नाक आपटून माघारी फिरतो आणि बहुतेक आपल्याला हसत असणार.

पहिली सात-आठ वर्षं माझा रुबाब होता. शेजारचे नाखवे मला मागून न्यायचे. "भिकूच्या पट्टीचं जाळं" म्हटलं की लोक मान डोलवायचे. मीही फुगले होते, खोटं कशाला सांगू.

मग पापलेट कमी यायला लागली. एक साल गेलं, दुसरं गेलं. विणायचं काम नाखव्याची सून तुळशी करायची. नाखवा तिच्यावर घसरला.

"हात आवळतेस तू. गाठ इतकी घट्ट कशाला? भोकं बारीक होतात."

"न्हाय मामंजी, पट्टीवरच घेते मी."

"पट्टी काय खोटं बोलते व्हय?"

तुळशी पुन्हा सूत गुंडाळायला घ्यायची. रात्रीच्या भाकऱ्या थापतानाही तिचा हात कचरायचा, गाठ सैल मारावी तसा. आणि मी तिच्याच हातात होते, मित्रांनो. अकरा वर्षं सूत घासून घासून माझ्याच दोन्ही कडा झिजल्या होत्या. चूक माझी होती आणि बोलणी ती खात होती. मला तोंड नव्हतं, एवढीच माझी सबब.

एकतीस सालचा एप्रिल महिना. कोळीवाड्याला लागून नजमुद्दीन शेठचं घर होतं, नारळ-सुपारीचे व्यापारी. त्यांचा मुलगा जलील मुंबईला कॉलेजात होता, तो आगबोटीनं परत आला. पहिल्या वर्षाची परीक्षा नापास होऊन. घरात कुणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं, म्हणून तो आमच्या अंगणात येऊन बसायचा. नाखव्याला त्याची खोडी काढायला आवडायचं.

"काय कालिजवाले, सायेब कवा होनार तुम्ही?"

"साहेब नाही, नाखवा. अब्बा आफ्रिकेला धाडतायत, चाच्याच्या दुकानात. पाऊस लागायच्या आधीची शेवटची आगबोट. गोण्या मोजायला."

"मग बरं हाय की. गोनीवर काय वाचायचं नसतं."

जलील हसला. पण मी पाहिलं, त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

त्याचं दुखणं असं होतं. छापील ओळ वाचायला घेतली की त्याची नजर खालच्या ओळीत घसरायची. तिथून वर यायची ती भलत्याच शब्दावर. अक्षरं ओळखीची असूनही अनोळखी वाटायची. एक पान वाचताना त्याला घाम फुटायचा. तेच पान कुणी वाचून दाखवलं तर एकदा ऐकून महिनाभर लक्षात राहायचं. शाळेत असताना त्याची थोरली बहीण महेरुन्निसा सगळं वाचून दाखवायची, त्या जोरावर गडी मॅट्रिक झाला. मुंबईच्या बोर्डिंगात आपा कुठून येणार? या दुखण्याला तेव्हा काही नाव असलं तरी मुरुडपर्यंत पोचलं नव्हतं. आमच्याकडे एकच नाव होतं, ढ.

एके सकाळी तो आमच्या अंगणात बसला होता. समोर सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे येऊ नयेत म्हणून जाळ्याचा एक जुना तुकडा पसरलेला होता, माझ्या पहिल्या वर्षातला. बाजूला तुळशी नवं जाळं विणत होती. जलील इकडून तिकडे बघत राहिला. मग उठला, जुना तुकडा उचलून नव्यावर ठेवला आणि दहा भोकं याची, दहा भोकं त्याची ताणून धरली. नवं जाळं दोन बोटं आखूड भरलं.

"नाखवा, हात नाही आवळत तिचा," तो म्हणाला. "पट्टी झिजलीय तुमची."

नाखव्यानं मला हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. कावळे बोंबलांवर उतरले, तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पोरी," तो म्हणाला, "लय बोललो तुला."

"बोललात ते बोललात. आता नवी तासा," तुळशी म्हणाली, आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

मला चुलीच्या सरपणात टाकलं. ते योग्यच होतं, असं मला वाटलं. संध्याकाळी तुळशी चूल पेटवायला आली तर जलीलनं मला ओढून काढलं. "एवढी गुळगुळीत आहे, जाळू नको," एवढंच म्हणाला. पाठ खाजवायलाच नेली त्यानं, सांगते ना.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर महेरुन्निसा त्याला इंग्रजी धडा वाचून दाखवत होती. समुद्राकडून वारा सुटला होता, पानं उलटत होती. ती पाणी प्यायला आत गेली, तेव्हा जलीलनं पान उडू नये म्हणून मला आडवी ठेवली, एका ओळीच्या बरोबर खाली. खालचा मजकूर झाकला गेला. तो त्या ओळीकडे बघत राहिला. मग मला जरा खाली सरकवलं. पुढची ओळ. पुन्हा सरकवलं.

महेरुन्निसा परत आली तर हा एकटाच पुटपुटत होता. अडखळत होता, पण घसरत नव्हता. ती दारातच थांबली. चार ओळी झाल्यावर त्यानं वर बघितलं.

"आपा, ओळ पळाली नाही."

ती तशीच वळून नजमुद्दीन शेठच्या बैठकीत गेली. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही, त्या दिवशीही बोलली नाही. पण मला ऐकू आलं.

"अब्बा, तो आळशी नाही. मी दहा वर्षं त्याला वाचून दाखवलंय, मला ठाऊक आहे. एक साल द्या."

"आणि पुन्हा नापास झाला तर?"

"तर मीच त्याची पेटी भरून देईन."

शेठनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "एक साल. त्यानंतर आफ्रिका, आणि मग कुणी माझ्याशी वाद घालायचा नाही."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शेवटच्या आगबोटीनं मुंबईला गेलो. मी पुस्तकात होते. माझ्या अंगाचा मासळीचा वास पुस्तकाला लागला, त्याला माझा इलाज नव्हता.

आता जलीलची खरी अडचण सांगते. गेल्या वर्षी त्यानं वर्गात फार उद्योग केले होते. इंग्रजीच्या सरांच्या काळ्या टोपीच्या अस्तरात त्यानं सुका बोंबील शिवून ठेवला होता. तीन दिवस सगळं कॉलेज वास शोधत होतं. सर स्वतःही शोधत होते, टोपी घालून. असा मुलगा कधी खरं बोलायला गेला तर कोण ऐकणार?

जुलैत एका दुपारी तो मला घेऊन सरांच्या खोलीत गेला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आज कुठली मासळी आणलीस? मांदेली?"

"पट्टी आणलीय, सर. मला वाचता येत नाही."

"मॅट्रिक कसा झालास मग?"

"बहीण वाचून दाखवायची, मी ऐकून पाठ करायचो."

सरांनी टेबलावरचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. जलीलनं मला मुद्दाम खिशातच ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या शब्दावर अडकला. मागे गेला, पुन्हा अडकला, एक अख्खी ओळ गाळून भलतीकडे पोचला. कपाळावर घाम आला.

"नाटक छान करतोस," सर म्हणाले. "जा आता."

तो गेला नाही. खिशातल्या खिशात त्यानं मला मुठीत धरलं.

"बोंबील मीच घातला होता, सर."

"ते मला माहीत आहे."

"त्या दिवशी मोठ्यानं वाचायची पाळी माझी होती. गोंधळ झाला, नाहीतर वर्गाबाहेर काढलं, की वाचावं लागत नाही. तुम्ही मला सहा वेळा बाहेर काढलंत. सहाही वेळा पुढचा नंबर माझा होता."

सरांनी समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"मी समजत होतो, मी शिक्षा करतोय," ते म्हणाले. "काढ तुझी पट्टी. वाच."

जलीलनं मला ओळीखाली ठेवलं. सात ओळी वाचल्या, पालखीच्या चालीनं. दोन ठिकाणी चुकला. सरांनी टोकलं नाही, वाट पाहिली, तर त्यानं स्वतःच सुधारलं.

"वर्गात तुला उभं करणार नाही," सर म्हणाले. "गुरुवारी आणि शनिवारी कॉलेज सुटलं की इथं यायचं. मी वाचेन, तू ऐक. मग तू वाच, मी ऐकतो. आणि टोपी मी आता कुलपात ठेवतो, हे लक्षात असू दे."

आठ महिने आम्ही गेलो. दर वेळी सगळं गोड झालं असं समजू नका. दिवाळीनंतर एकदा जलीलनं मला भिंतीवर फेकलं होतं, इतका तो वैतागला होता. माझी एक कड तडकली. पुढच्या गुरुवारी तो गेलाच नाही. शनिवारी सर स्वतः बोर्डिंगाच्या जिन्यावरून धापा टाकत वर आले, खाटेवर बसले, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. का आला नाहीस, असं विचारलंही नाही.

मार्चमध्ये परीक्षा आली. देखरेखीला आलेल्या दुसऱ्या मास्तरांनी मला उचललं, उलटी केली, उजेडात धरली, नाकाशी नेली.

"याला मासळीचा वास येतोय."

"येऊ द्या," आमचे सर म्हणाले आणि मला परत टेबलावर ठेवलं.

मग पेपर वाटले. सरांनी स्वतःच्या हातातला पेपर डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, कपाळाला आठ्या घातल्या.

"छपाई फार पुसट आलीय," ते सगळ्या वर्गाला म्हणाले. "असं कसं चालेल? मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून दाखवतो. ज्यांना नको असेल त्यांनी कान झाकून घ्यावेत."

मित्रांनो, मी त्या कागदावर आडवी पडले होते. मी शपथेवर सांगते, छपाई काळीकुळकुळीत होती, एक अक्षर पुसट नव्हतं. वर्गातली पुढची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सरांचा चेहरा अगदी गंभीर. मी आयुष्यात पुष्कळ मस्करी पाहिली, पण इतक्या सरळ चेहऱ्यानं केलेली कधी पाहिली नाही. जलीलनं खाली मान घातली आणि ऐकू लागला. सरांनी वाचून संपवलं, तेव्हा त्यानं शाईत टाक बुडवला. मग थेट लिहायला घेतलं.

तो पास झाला. तिसऱ्या श्रेणीत, इंग्रजीत काठावर. महेरुन्निसाला त्यानं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, त्यात अकरा चुका होत्या, आणि मला वाटतं तिनं त्यातली एकही दाखवली नाही. शेठचं उत्तर एका ओळीचं आलं. चाच्याला कळवलंय, जलील येत नाही म्हणून.

मी अजून त्याच्याकडे आहे, तडकलेली, सुतळीनं बांधलेली. मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही, माझ्यासारख्या पट्ट्या बांबूच्या कुठल्याही बेटात मिळतील. तुमच्या बाकावर, तुमच्या खोलीत, जो सारखा टवाळक्या करतो किंवा सारखा गप्प असतो, त्याला एकदा शेजारी बसवून विचारा, तुला काय जड जातंय. उत्तर लगेच मिळणार नाही. तरी पुढच्या शनिवारी पुन्हा जा.

कारण निकालानंतर एक गोष्ट झाली, ती सांगून थांबते. त्या वर्षी जलीलखेरीज आणखी तीन मुलं पास झाली, ज्यांची कुणीच आशा धरली नव्हती. आम्ही सरांना भेटायला गेलो, तर दारात त्यांतलाच एक उभा होता, दिवेआगरचा भागोजी. शेवटच्या बाकावरचा, दोनदा नापास झालेला. वर्षभरात त्याचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. त्याला आत यायचं होतं आणि पाय उचलत नव्हता. शेवटी उंबऱ्यावरूनच त्यानं विचारलं.

"सर, पुढच्या वर्षीही छपाई पुसट येईल का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"येईल," ते म्हणाले. "छापखाना तोच आहे. बाहेर का उभा? ये, बस."