कापसातलं रेकॉर्डिंग

मावला गावच्या बयनाबाईंचा रेकॉर्डिंगचा कारखाना वर्षातून दोनच महिने चालायचा. वेचलेला कापूस घरात आला की सुरू, गाडीत भरून गेला की बंद. आढ्यापर्यंत कापूस भरलेल्या त्या खोलीत इतकी शांतता असे, की मुंगी चालली तरी टेपात तिची पावलं उमटत. एका मुंगीपायी तर अख्खं गाणं पुन्हा घ्यावं लागलं. ती लंगडी होती, ताल चुकवत होती.

अशा कापसात गळ्यापर्यंत बुडून बाई स्वतः रचलेली गाणी गात. १९८३ पासून दर हंगामाला एक कॅसेट. इचोड्याचा कॅसेटवाला दौलत आपल्या दुकानात तिच्या कॉप्या काढी आणि ट्रकवाले त्या थेट नागपूर, हैदराबादपर्यंत वाजवत नेत. बाईंचा हट्ट एकच : एकही हंगाम कोरा जाऊ द्यायचा नाही, आणि दोन्ही बाजू भरल्याशिवाय कॅसेट द्यायची नाही. अकरा झाल्या होत्या. बारावीचं शेवटचं गाणं अडलं होतं, कारण त्याचं शेवटचं कडवंच सुचत नव्हतं.

आणि नेमक्या अशाच एका सकाळी त्यांच्या नवऱ्यानं, नागोरावांनी, गाडी भरायला घेतली.

"अवो, एक दिवस थांबा नं जी!"

"भाव आज चढला. तुह्या कडव्यासाठी थांबन का तो?"

"मंग मले बी भरा गाडीत."

"तुले? काऊन?"

"कापूस गेल्यावर काय भिंतीले गाणं ऐकवू?"

बाई टेप पोटाशी धरून गाडीत बसल्या. नाकाशी एरंडाच्या देठाची नळी धरली. नागोरावांनी वरून कापूस ओतला.

मार्केट तासाभरावर. आत अंधार, ऊब आणि सरकीचा वास. पहिल्या खड्ड्याला पहिली ओळ आली, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. चौथा खड्डा नुकताच बुजवलेला, म्हणून चौथी ओळ अडली! ती आली थेट मार्केटच्या फाटकात, चाक दगडावर चढलं तेव्हा. बाईंनी रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि सूर लावला.

तेवढ्यात व्यापाऱ्यानं रिवाजाप्रमाणे धागा पाहायला गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला. हाती वेणी आली. त्यानं ओढली. बाईंनी सूर न सोडता त्याचं मनगट धरलं.

"अरे बाप रे! कपास ने हाथ पकड़ लिया!"

"हलू नका जी," नागोराव त्याच्या कानाशी लागले. "शेवटचं कडवं चालू हाये."

चारशे गाड्यांची बोली थांबली. बैलांनीसुद्धा रवंथ थांबवला.

मग आत बटण ठक्क झालं, मनगट सुटलं, आणि भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या बाई कॅसेट उंच धरून कापसातून उगवल्या.

"भरली! दोन्ही बाजू भरल्या! बारा झाल्या अवो, बारा!"

व्यापारी मनगट चोळत म्हणाला, "अब उतरो, माँजी. बोली लगने दो."

बाईंनी एक पाय गाडीबाहेर टाकला, आणि तसाच परत आत घेतला.

"जरासं थांबा जी, शेट. तेराव्या कॅसेटची पहिली ओळ येऊन राह्यली!"

आणि त्यांनी डोक्यावर कापूस ओढून घेतला.