आक्रसलेले आवळे

दासनवमीच्या प्रसादाला मोरावळा दीक्षितपुऱ्यातल्या इंदिराबाईंच्याच हातचा, हे ठरलेलं. यंदा मात्र देवळातल्या उत्सवात बुवांचं कीर्तन रोज असं रंगत होतं की बाईंचा जीव घरात ठरेना. आवळे वाफवा, पातळ पाकात ठेवा, रोज तो थोडा आटवा, एवढा धीर कुठला? कच्चेच टोचून घट्ट पाकात लोटले आणि बाई देवळाकडे पळाल्या.

नवमीला देवळात बरणी उघडली. आवळे सुकल्या बोरांसारखे आक्रसलेले आणि पाक पाण्यासारखा पातळ.

"काहून हो इंदिराताई, हे काय होऊन बसलं?" मीरावहिनी वाकून म्हणाल्या. मागून आणखी चौघी वाकल्या.

"यंदा सुनेवर सोपवलं," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "कॉलेजात शिकवते, म्हटलं येत असेल."

"अच्छा, बॉटनीवाल्या मॅडम का," कुणीतरी हसलं.

क्षमा मागेच उभी होती, हातात केळीची पानं. तिनं सासूकडे एकदा पाहिलं. "हो काकू, चुकलं माझं," म्हणाली आणि पानं मांडू लागली.

त्या दिवशी बुवा नेमके वाणीच्या शुद्धीवर बोलले. बाईंचे हात मांडीवरच राहिले, टाळीला उचलेनात.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "बोलली का नाहीस गं?"

"एवढ्या बायकांत काय बोलू, आई?" क्षमानं बरणी पुढे ओढली. "आवळ्याच्या प्रत्येक पेशीला बारीक पडदा असतो. पाणी त्यातून सहज ये-जा करतं, साखर अडते. बाहेर एकदम दाट साखर आली, तिनं आतलं पाणी ओढून घेतलं. म्हणून आवळा सुकला, पाक पातळ झाला."

"आता साध्या पाण्यात टाकले तर?"

"काही फुगतील. ज्यांच्या पेशी मेल्या, ते नाही फुगणार."

दुसऱ्या दिवशी, उत्सवाची सांगता करणाऱ्या लळिताच्या कीर्तनाआधी, बाई वाटी घेऊन मीरावहिनींपुढे उभ्या राहिल्या. वाटीत थोडे आवळे टपोरे होते, बाकीचे तसेच सुरकुतलेले.

"काल मी खोटं बोलले, वहिनी. पाक मीच घाईनं घट्ट घातला. क्षमाचा हातसुद्धा लागला नव्हता."

कालच्या चौघीही तिथंच होत्या. आज कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं, असं बाईंना वाटलं.

"या आई, इथं बसा," क्षमानं सतरंजीवर सरकून जागा केली.

बुवांनी गजर धरला तेव्हा बाईंना टाळी देता आली. शेजारी बसलेल्या सुनेकडे बघणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.