तीन मिलिमीटरची चीर

साहेब, तुम्ही गाडीखाली वाकलाच नाहीत. वाकला असतात तर तुमच्या इस्त्रीच्या पँटला गुडघ्यावर ग्रीस लागलं असतं, आणि 'चालकाचा बेदरकारपणा' हे दोन शब्द तुमच्या अहवालात आले नसते. तुम्ही खुर्चीत बसून अहवाल लिहिलात आणि एका माणसाची सव्वीस वर्षांची नोकरी पुसून टाकलीत.

अर्जाची ही सुरुवात कवळीवाल्याने चार वेळा लिहिली आणि चारही वेळा ती त्याला फार आवडली. आवडणारच. दुसऱ्याला शिव्या घालताना माणसाचं अक्षरसुद्धा सुधारतं. पाचव्या ओळीला मात्र पेन अडायचं, कारण पाचव्या ओळीत त्याचा स्वतःचा नंबर लागत होता.

कवळीवाला म्हणजे दातांच्या कवळ्या घडवणारा कारागीर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच कोरण्यांनी, त्याच गुलाबी मसाल्याने छोट्या गाड्या घडवायच्या, हा त्याचा वीस वर्षांचा उद्योग. बाजारातला तयार संच आणून जोडणाऱ्यांना तो माणसात धरत नसे. त्याची गाडी म्हणजे खऱ्या गाडीचा बरोबर चोविसावा हिस्सा. मापाचं वेड इतकं, की थोरल्या भावाकडे पाहिलं तरी मनात हिशोब व्हायचा: दादा पाच फूट आठ इंच, म्हणजे सात सेंटिमीटर दोन मिलिमीटर. लग्न जमलं नाही ते का, हे कोणी विचारतही नसे.

तो दादा-वहिनीकडेच राहायचा. गॅलरी बंद करून तिथे त्याचं टेबल. वहिनीची चहाची गाळणी गाड्यांवरच्या चिखलासाठी माती चाळायला तिथे गेली ती गेलीच.

"भावजी," वहिनी म्हणायची, "तुमच्या गाड्यांना गॅरेज आहे, माझ्या भांड्यांना फळी नाही. मीच चोविसावा हिस्सा झाले असते तर निदान टेबलावर तरी जागा मिळाली असती."

दादा नगरपालिकेच्या डेपोत कचऱ्याची गाडी चालवायचा. छोट्याने आपलीच गाडी करायला घेतली याचा त्याला कोण आनंद! सुट्टीच्या दिवशी तो त्याला डेपोत घेऊन गेला. कवळीवाला पाठीवर झोपून, टॉर्च दातांत धरून गाडीखाली सरपटला आणि मागच्या डाव्या चाकापाशी थबकला. कमानपाट्याच्या, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याच्या, सगळ्यात वरच्या पट्टीला चीर गेली होती. बोटभर लांब. तिच्याभोवती डेपोच्या मेस्त्रीने तार गुंडाळली होती, तारेवर गंज, गंजावर तेल, तेलावर धूळ.

दुसरा कोणी असता तर ओरडत बाहेर आला असता. हा गाडीखालून म्हणाला, "दादा, काय सुंदर आहे रे हे!"

दादा वाकला. "तो पाटा? अरे, तो जायला आलाय. उद्या मेस्त्रीच्या डोक्यावर बसतो आणि बदलूनच घेतो."

"उद्या नको!" गाडीखालून घाबरलेला आवाज आला. "पंधरा दिवस थांब ना. हा गंज नुसत्या फोटोवरून नाही जमायचा, मला परत परत येऊन बघावं लागेल. मॉडेलांची स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय."

दादा हसला. लहानपणी सायकल मागितली तेव्हा हसला होता तसाच. "बरं बाबा. तोवर मी हळू चालवतो."

हीच ती पाचवी ओळ.

पंधरा दिवसांत कवळीवाला पाच वेळा गाडीखाली गेला. गंजाचा रंग तीनदा फसला. पहिला विटेसारखा आला, दुसरा मिरचीच्या पुडीसारखा. तिसरा चांगला होता, पण खोटा होता. चौथ्यांदा वीट आणि कोळसा एकत्र उगाळून त्याने तो जमवला आणि आनंदाने वहिनीला उठवून दाखवला. ती म्हणाली, "गंज आहे." त्याला एवढं मोठं प्रमाणपत्र आयुष्यात मिळालं नव्हतं. चीर त्याने सुईने कोरली. तीन मिलिमीटर, एक केस जास्त नाही. नंबरप्लेटही दादाच्याच गाडीची.

स्पर्धा सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर होती. छोट्या गाड्या घडवणाऱ्यांच्या हौशी मंडळाचे सभासद अकरा, त्यातले सात पदाधिकारी. उरलेल्या चौघांनी स्पर्धेत भाग घेतला होता. ट्रकमधलं कळणारा कोणी हवा म्हणून परीक्षक बोलावले ते नेमके डेपोचे इंजिनियरसाहेब, गाड्या रस्त्यावर जायच्या लायकीच्या आहेत असं सही करून सांगणारे. त्यांनी मॉडेल उचललं, उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि गुणपत्रिकेवर लिहिलं: 'पाट्यावर चीर व तार. अशी गाडी रस्त्यावर येऊच दिली जात नाही. वास्तवाशी विसंगत. दोन गुण वजा.'

कवळीवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"विसंगत? साहेब, ही चीर खरी आहे!"

"अहो, कल्पनाशक्ती चांगली आहे तुमची, पण..."

"कल्पना कसली? मी पाच वेळा बघून आलोय. रोज धावते ही गाडी!"

"शक्यच नाही."

"शक्य नाही म्हणता? हे बघा!" त्याने फोन पुढे केला. फोटोमागून फोटो काढून दाखवले. अर्धा तास तो घसा फोडत होता. सगळं मंडळ भोवती जमलं आणि दोन तट पडले. इंजिनियरसाहेबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, चीर पाहिली, तार पाहिली, आपल्याच डेपोची नंबरप्लेट वाचली. मग हरलेल्या पण दिलदार माणसासारखे हसले आणि खाली लिहिलं: 'फोटो पाहिले. चीर खरी आहे. एक गुण परत.' सही. तारीख.

"दुसरा गुण?" कवळीवाल्याने विचारलं.

"तो राहू दे. जरा जास्तच खरी आहे."

त्या माळ्यावर त्या दिवशी बारा शहाणी माणसं होती. चीर खरी आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं, टाळ्या वाजल्या, आणि खाली जाऊन तो पाटा बदला असं म्हणायचं एकालाही सुचलं नाही. त्या बारा जणांत सगळ्यात मोठा गाढव कोण, हे कवळीवाल्याला पुढे कोणी सांगावं लागलं नाही. पहिला नंबर लालभडक शर्यतीच्या गाडीला गेला, जिच्या खाली सपाट प्लॅस्टिकशिवाय काही नव्हतं. याचा दुसरा आला. घरी येऊन तो रात्री जेवताना त्या गेलेल्या एका गुणाबद्दलच बोलत राहिला.

"आता बदलू ना पाटा?" दादाने विचारलं.

"बदल की," तो म्हणाला. त्याचं काम झालं होतं.

दादाने दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला सांगितलं. मेस्त्री म्हणाला, सामान नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाला, तार आहे ना? त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाला, गाडी नाही काढलीस तर गैरहजेरी लागेल. तक्रारवही मागितली तर ती इंजिनियरसाहेबांच्या कपाटात, आणि किल्ली साहेबांच्या खिशात. असे चार महिने गेले. मग एका सकाळी उताराच्या वळणावर पाटा तुटला, मागचं चाक फिरलं आणि सहा टन कचरा न्हाव्याच्या दुकानात शिरला. नशीब की दुकान नुकतंच उघडत होतं आणि खुर्ची रिकामी होती. दादाच्या खांद्याचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी डेपोने गाडीला नवाकोरा पाटा बसवला, चार महिने नसलेलं सामान दोन दिवसांत आलं, आणि जुना पाटा भंगारात गेला. पंधरवड्यात इंजिनियरसाहेबांचा अहवाल आला: बेदरकारपणा. नोकरीतून निलंबन, आणि लायसन्स कायमचं रद्द का करू नये, याची सुनावणी.

त्या दिवसापासून घरात दादा एक अक्षर बोलला नाही. म्हणजे बोलायचा, "मीठ दे", "पंखा लाव". पण त्या पंधरा दिवसांबद्दल नाही. वहिनीलाही त्याने सांगितलं नव्हतं. एक शिवी हासडली असती तर कवळीवाल्याला बरं वाटलं असतं.

सुनावणीला तिघं गेले. दादाचा हात गळ्यात, वहिनी कागदांची पिशवी धरून, आणि कवळीवाला पोटाशी बुटांचं खोकं कवटाळून. दारात शिपायाने झाकण उचलून पाहिलं.

"खेळणी आत नेता येत नाहीत."

"पुरावा आहे."

"पुराव्याला चाकं असतात होय?" म्हणत त्याने सोडलं.

आत काचेच्या टेबलामागे चौकशी अधिकारी, शेजारी इंजिनियरसाहेब, कोपऱ्यात लिहून घेणारा लिपिक. अधिकाऱ्यांनी गाडी हातात घेतली आणि सगळे मोठे लोक करतात तेच केलं: टेबलावरून ढकलली. "वा, फिरतात की चाकं!"

"उलटी करा साहेब," कवळीवाला म्हणाला. "मागचं डावं चाक."

मग त्याने गुणपत्रिका काचेवर ठेवली. अधिकाऱ्यांनी वाचली, परत वाचली, आणि शेजारी पाहिलं. इंजिनियरसाहेबांच्या कानाच्या पाळ्या त्या शर्यतीच्या गाडीसारख्या लाल झाल्या होत्या.

"ते... ते मॉडेलबद्दल होतं," ते म्हणाले. "हौशी कार्यक्रम होता. मी तिथे डेपोचा माणूस म्हणून गेलो नव्हतो."

अधिकारी मुरलेले होते. एक वाट बंद झाली तर दुसरी त्यांना ठाऊक होती. त्यांनी चष्मा नीट केला आणि कवळीवाल्याकडे वळले.

"ठीक. पण तुम्ही तर सख्खे भाऊ. तुम्ही चीर स्वतः पाहिलीत. तुम्ही काय केलंत?"

दादा लगेच उभा राहिला. "त्याचा काही संबंध नाही, साहेब. तो डेपोचा माणूस नाही. जे विचारायचं ते मला विचारा."

खोटं बोलायला मैदान मोकळं होतं. 'मी सांगितलं होतं' एवढे तीन शब्द पुरले असते, आणि दादाने ते खरे ठरवले असते. कवळीवाल्याने तोंड उघडलं.

"मी थांबवलं. दादा दुसऱ्या दिवशीच पाटा बदलून घेणार होता. मी म्हटलं, पंधरा दिवस थांब."

"का?"

"गंजाचा रंग जमत नव्हता."

लिपिकाने मान वर केली. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"छोट्या, बस खाली," दादा हळूच म्हणाला.

वहिनी मात्र दिराकडे बघत होती. "पंधरा दिवस?" ती म्हणाली. "गंजासाठी? आणि मला उठवून दाखवलात तो हाच?"

"हाच, वहिनी."

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "लिहून घ्या," ते लिपिकाला म्हणाले. "चालकाला दोष माहीत होता, आणि चालकाच्या भावाच्या सांगण्यावरून दुरुस्ती लांबवण्यात आली. झालं. प्रकरण सरळ आहे."

कवळीवाल्याला कळून चुकलं. भावाला वाचवायला आलो आणि त्याच्या गळ्यातला फास स्वतःच्या हाताने आवळला. इतकी सुबक कारागिरी त्याच्या हातून आजवर झाली नव्हती. तो मटकन खुर्चीत बसायला लागला, तेवढ्यात मागून पाठीला वहिनीचं बोट टोचलं.

"बसू नका, भावजी. घरी तुमच्याशी बघते मी. आधी उरलेलं विचारा."

तो उभा राहिला. मापाच्या बाबतीत तो कधी अडखळत नसे.

"लिहा साहेब, सगळं लिहा. पंधरा दिवस माझे. माझ्या नावापुढे लिहा, मी सही करतो, त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या. पण गुणपत्रिकेवरची तारीख सोळाव्या दिवसाची आहे. त्या दिवशी मी बाजूला झालो आणि तुमच्या माणसाने 'चीर खरी आहे' असं लिहून सही केली. तिथून अपघातापर्यंत चार महिने होतात. माझा भाऊ सामान मागत होता, वही मागत होता आणि गाडी चालवत होता. ते चार महिने कोणाचे? माझे नाहीत. दादाचे नाहीत. लिपिकसाहेब पेन धरून बसलेत, त्यांना नाव सांगा."