कचरागाडीच्या मागे सुभेदार

आमचे हे रोज सकाळी कचरागाडीच्या मागे जातात. दोन माणसांचा कचरा तो केवढा! टाकून माणसानं घरात यावं की नाही? पण नाही. गाडी गाणं वाजवत पुढे सरकते आणि तोफखान्यातले निवृत्त सुभेदार देवेंद्र दिघे रिकामी बादली घेऊन तिच्या मागोमाग निघतात, गल्लीच्या टोकापर्यंत, कधी पलीकडच्या गल्लीतसुद्धा. इंदूरला स्वच्छतेचं वेड आहे हे मान्य, पण इतकं? शेजारी हसतात. आधी मीही हसायचे, मग मला लाज वाटायला लागली.

ह्यांच्या कानात शिट्टी वाजते, अखंड. तोफांशेजारी उभं राहून उमेदीची वर्षं काढली, त्याची ती बक्षिशी. त्या काळी कानात बोळे घालणाऱ्याला पलटणीत भित्रा म्हणायचे म्हणे, म्हणून ह्यांनी घातले नाहीत. काय पण शूर! शत्रूला ह्यांच्या केसालाही धक्का लावता आला नाही, कान आपल्याच तोफेनं खाल्ले.

मग इलाज सांगणाऱ्यांची रांग लागली. कुणी लसणाचं तेल दिलं, कुणी काढा दिला. एका बाबानं कानात नळीनं धूर सोडला आणि दोन दिवस हे खोकत बसले. बंगलोरच्या मुलानं कपाळाला बांधायचा पट्टा पाठवला, त्यात निळा दिवा लुकलुकायचा. तो बांधून हे ओट्यावर चहा प्यायला बसले की दूधवाला फाटकातूनच दूध देऊन पळायचा. शिट्टी आपली जागच्या जागी.

आणि शेवटी शारदाताई. ह्यांची थोरली बहीण. इथेच इंदुरात, अन्नपूर्णा भागात राहतात, शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या. शाळेची सुटका झाली, आमची झाली नाही.

"वसुधा, कान के लिए एकच दवा, शांती!" त्या म्हणाल्या. "दिमाग की नसें आहेत, नाजूक असतात. घरात एकदम सन्नाटा पाहिजे."

झालं. कुकर माळ्यावर गेला, डाळ पातेल्यात रटरटू लागली. मिक्सरऐवजी पाटा आला. देवघरातली घंटा फडक्यात गुंडाळली, टीव्ही मुका झाला, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून त्याचा सेल काढला. आणि माझं शिलाई मशीन बंद झालं.

हे मात्र मला झोंबलं. पायानं चालवायचं जुनं मशीन आहे माझं. हे सीमेवर असताना त्याच्यावरच मी अर्ध्या गल्लीची ब्लाउजं शिवली, पोर वाढवलं, काळजीच्या रात्री काढल्या. त्याच्याशी मी ह्यांच्याशी बोलले नसेन इतकं बोलले असेन. पण नवऱ्याचा कान मोठा की मशीन? गुमान झाकण घातलं. वर शारदाताईंनी मागच्या आठवड्यात फर्मावलं, "पडून सडतंय, त्यापेक्षा आमच्या सुरभीला दे. रविवारी गाडी घेऊन येऊ." सुरभी म्हणजे त्यांची सून. मी हो म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

एवढं करून ह्यांची तब्येत सुधारली म्हणता? झोप उडाली. जेवताना घास हातातच राहायचा. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं. घरात इतकी शांतता की मला माझ्याच बांगड्यांची भीती वाटायची. एके दिवशी भिंतीला कान दाबून उभे असलेले दिसले, तेव्हा मात्र माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

शुक्रवारी तुकोगंजमधल्या कानाच्या क्लिनिकची तारीख मिळाली. माजी सैनिकांच्या दवाखान्यानंच चिठ्ठी दिली होती. शारदाताई अर्थातच सोबत. प्राची मॅडम म्हणून नागपूरची तरुण मुलगी होती. तिनं ह्यांना काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. मग शारदाताईंनी तिला आमच्या सन्नाट्याचा अहवाल दिला, शाळेच्या स्नेहसंमेलनात देतात तसा, सविस्तर.

प्राचीनं ऐकून घेतलं. "म्हणजे घरात कसलाच आवाज नाही?"

"सुईसुद्धा पडत नाही!" शारदाताई म्हणाल्या.

"मग सर झोपत कसे असतील?" ती म्हणाली. "काकू, शांततेत ही शिट्टी जास्तच ठळक ऐकू येते. ती घालवणारी गोळी नाही, तेल नाही, पट्टा तर नाहीच. सरांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्यासाठी कानात घालायचं मशीन देऊ. शिट्टीकडे लक्ष न देण्याची सवय लावावी लागते, त्यासाठी समुपदेशनाला यायचं. आणि आजूबाजूला सौम्य आवाज ठेवायचा, सतत." मग ती ह्यांच्याकडे वळली, जरा मोठ्यानं म्हणाली, "सर, दिवसात कधी बरं वाटतं का?"

हे खाली बघून म्हणाले, "सकाळी. कचरागाडी येते तेव्हा."

शारदाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"तिचं गाणं सुरू असतं तोवर शिट्टी दबते," हे म्हणाले. "म्हणून जातो मागे मागे. आधी घरात हिचं मशीन चालायचं, तेव्हा झोपही यायची."

मला असा संताप आला! तोफखान्यात वायरलेसवरून मैलामैलाचा हिशेब सांगणारा माणूस, त्याला घरात एक वाक्य बोलता येऊ नये?

"अहो, मग बोलला का नाहीत? तोंडात काय मूग गिळले होते?"

"कसं बोलू?" ते म्हणाले. "तू मशीन बंद केलंस, ताई एवढी धडपडते. माझ्यासाठी तुम्ही इतकं करताय आणि मी म्हणू, की ही शांतीच मला खातेय?"

मी ह्यांचा हात धरला, चारचौघांत, आणि सोडला नाही.

रविवारी शारदाताई सुरभीला आणि लोडिंग रिक्षा घेऊन आल्याच. "डॉक्टर लोग काहीपण बोलतात," म्हणाल्या. "शांतीला अजून थोडे दिन देऊन बघू, यार." मी झाकण काढलं, तेल घातलं, एक जुनी चादर ओढली आणि पाय मारायला बसले. शारदाताई बरंच काही बोलत होत्या. मशीनच्या आवाजात त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही, आणि फार बरं वाटलं. रिक्षा रिकामीच गेली.

शिट्टी गेलेली नाही, जाणारही नाही. समुपदेशनाला तर आताशी सुरुवात होईल. पण सोमवारी मी उजाडताच मशीनवर बसले, आणि हे कूस बदलून परत झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. घोरणं ऐकून मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात गाडी आली. मीच बादली घेऊन बाहेर गेले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"आज सुभेदार साब नहीं आए? तबीयत तो ठीक है?"

"सो रहे हैं," मी म्हणाले.

"अरे, अरे," म्हणत बिचाऱ्यानं गाणं बारीक करायला घाईघाईनं हात नेला.

"कम मत करो, भिया," मी ओरडले. "चलने दो!"