भाभीचे अकरा व्हिडिओ

मे महिन्यात, शहाद्याच्या बाजूला डांबर वितळत असताना, जी बाई सकाळी स्वेटर घालते ती एक तर वेडी असते नाही तर नाटकी. मयूरी वेडी नव्हती. म्हणजे राहिलं काय ते रविनाला कोणी सांगायची गरज नव्हती.

रविना सतराची. दहावीला गणितात उडाली, परत फॉर्म भर म्हणाले तर फॉर्मच फाडला, आणि तेव्हापासून दोन वर्षं घरात. घरात बसून राहिलं की घरातलं सगळं दिसायला लागतं. मयूरीभाभी किती वाजता उठली, उठून किती वेळ भिंतीला टेकून बसली, भाकरीचं पीठ मळता मळता डोळे कसे मिटले, सगळं. भाऊ नवनीत सकाळीच केळीच्या बागेत जायचा, बाप हिंमतराव सोसायटीत. त्यांना काय दिसणार. दिसायचं रविनाला आणि तिच्या मायला, दगूबाईला.

आणि त्या बाईच्या अंगात होतं तरी काय? एक्केचाळीस किलो. मनगट म्हणजे तुराटी. लग्नात आणली तेव्हाही बारीकच होती, पण तेव्हा निदान चालायची तरी. दुसऱ्या वर्षापासून जी हळू झाली ती झालीच. महिन्याचं तिचं दहा-दहा दिवस चालायचं, तेवढे दिवस देवघर आणि सैपाकघर बंद. दगूबाई म्हणायची, कामचुकारीची सुट्टी लावून घेतली हिनं.

मागल्या साली दाखवलं होतं एका डॉक्टरला. त्यानं मयूरीकडे बघितलं, वजन बघितलं, रक्तवाढीचं टॉनिक लिहिलं आणि म्हणाला खात जा. दोन बाटल्या संपल्या. फरक शून्य. मग दगूबाईचं मत पक्कं झालं. औषधानं जात नाही तो आजार नसतो, तो स्वभाव असतो.

यंदा बिबड्यांच्या, ज्वारीच्या पापडांच्या, वेळेला सगळं फुटलं.

त्यांच्या गल्लीत बिबडे एकटीनं करायचे नसतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. ज्वारीचं भिजवलेलं पीठ पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायचं, तीळ-लसूण-मिरची घालायची आणि गरम गरमच गोळा घेऊन ओल्या फडक्यावर थापायचा. गार झाला की चिरा पडतात, बिबडा वाया. म्हणून हात चालला पाहिजे, तोंड किती का चालेना. त्या दिवशी दगूबाईच्या गच्चीवर आठ बाया होत्या. सात जणींचे तीन-तीन झाले तेव्हा मयूरीचा पहिला चालला होता. आणि बाकीच्या हात पोळला म्हणून पाण्यात बुचकळत होत्या, तर ही गरम गोळा दोन्ही तळव्यांत धरून बसलेली. शेकत. जसं काही शेकोटीच आहे.

"मयूरी, बिबडा थाप, त्याले पाळण्यात नको घालू," मीनाबाई काकू म्हणाली. बाया हसल्या.

मीनाबाई रविनाची चुलती. नव्वद किलो. जिना चढताना दोनदा थांबते आणि दोन्ही वेळा दुसऱ्याची निंदा करून घेते. "मले थायरॉईड शे," ती म्हणाली, "रोज गोळी खास मी, तरी मन्हे तीन झाले. इले काय व्हयनं?"

"इले आळस व्हयना," दगूबाई म्हणाली. "त्याची गोळी निघेल नही अजून."

पुन्हा हसल्या. मयूरीनं गोळा कसाबसा थापला. तिचा बिबडा उचलताना मधोमध फाटला.

त्या दुपारी दगूबाईनं हिंमतरावला सांगून टाकलं. "आते बस व्हयनं. गावमा मन्ही शोभा करी टाकी इनी. तिना भाऊले बोलवा. बैठक बसवा. फारकत करी टाका."

"बैठकीत कारण द्यायला लागतं," हिंमतराव म्हणाला. "आळशी आहे म्हणून कोणी फारकत देत नाही. ते म्हणतील पुरावा दाखवा."

"पुरावा मी देते," रविना म्हणाली.

आठ दिवसांत तिनं अकरा व्हिडिओ काढले. रील बघायचं नाटक करायचं आणि मोबाईल तिरपा धरायचा, झालं. सकाळी नऊला गोधडी घेऊन झोपलेली भाभी. भांडी घासता घासता हात थांबलेली भाभी. दूध उतू चाललंय आणि त्याच्यासमोर उभी राहून त्याच्याकडेच बघणारी भाभी. तो व्हिडिओ रविनाला स्वतःला फार आवडला होता, गॅस बंद करायच्या आधी तिनं पूर्ण पंचवीस सेकंद काढला.

अकराव्या वेळी मयूरीनं पकडलं.

"काय शूट करी ऱ्हायनी?"

"तुझं काम."

"मग मेमरी मोकळी ठेव," मयूरी म्हणाली. "मले वेळ लागस." आवाज घोगरा, मिसरूड फुटणाऱ्या पोरासारखा. आणि परत कपडे वाळत घालायला लागली, एक-एक चिमटा असा लावत की बघणाऱ्याचा जीव जावा.

रविनाला तिचा एवढा राग आला की मोबाईल फेकून मारावासा वाटला. भांडत का नाही ही बाई? शिव्या दिल्या तर शिव्या द्याव्या. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं.

बैठक रविवारी बसली, ओसरीवर. मयूरीचा भाऊ भूपेंद्र तळोद्याकडून जीप घेऊन आला, सोबत दोन म्हातारे. इकडून हिंमतराव, नवनीत, दगूबाई, मीनाबाई, आणि खास बोलावलेली शीलाफुई. हिंमतरावची ही चुलत बहीण विसरवाडीला सरकारी दवाखान्यात नर्स. शिकलेली बाई आपल्या बाजूला असली की वजन पडतं, म्हणून दगूबाईनंच तिला फोन केला होता. मयूरी आतल्या दारात, डोक्यावर पदर, खांद्यावर शाल.

"आमची पोर शाल घेऊन बसली ती बघा आधी," भूपेंद्र म्हणाला. "तिला ताप आहे का विचारलं का कोणी?"

"ताप नाही, नाटक शे ते," दगूबाई म्हणाली. "रविना, दाखव."

मोबाईल फिरला. तळोद्याच्या म्हाताऱ्यांनी पहिला व्हिडिओ बघून मान वळवली. भूपेंद्रचं तोंड लाल झालं. "घरातल्या बाईचे झोपेतले व्हिडिओ काढता तुम्ही लोक? हे संस्कार?"

"झोपली नसती तर काढले नसते," रविना म्हणाली.

"हिला बोलायला कोणी बसवलं इथं?"

"व्हिडिओ मन्हे, मीच बोलणार."

मोबाईल शीलाफुईच्या हातात गेला. तिनं चष्मा लावला, अकराच्या अकरा बघितले. मग एक पुन्हा. मग तो थांबवून बोटांनी मोठा केला. झोपलेल्या मयूरीचा चेहरा.

"रविना, इकडे ये. हा कितीचा?"

"सकाळी नऊचा."

"रोज सकाळी चेहरा असा फुगलेला असतो? डोळ्यांखाली?"

रविनाला वाटलं फुई केस पक्की करतेय. ती अजून जोरात झाली. "रोज. झोपून झोपून सुजते. दुपारपर्यंत उतरते."

"केस?"

"मोरीची जाळी कोण साफ करतं? मी. मूठभर निघतात. ते बघ, भुवयासुद्धा अर्ध्याच राहिल्यात, बाहेरच्या बाजूला काहीच नाही."

"संडासला रोज जाते?"

म्हाताऱ्यांपैकी एक खोकला. रविना थांबली नाही. "चार दिवसांतून एकदा. गेली की अर्धा तास. मोबाईल बघत बसत असेल."

"जेवते किती?"

"अर्धी भाकर. आपल्याकडचं आवडत नाही ना तिला. टाचा बघ, भेगांत बोट जाईल, एवढं तेल आणून दिलं तरी. महिन्याचं दहा-दहा दिवस चालतं. मे महिन्यात स्वेटर घालते. आणि विसरते. मीठ दोनदा टाकते नाही तर टाकतच नाही. हाक मारली तर दोन मिनिटांनी ओ देते. आवाज ऐकला का? लग्नात गाणं म्हणाली होती ही, तेव्हा असा नव्हता. तेव्हापासूनचं सगळं मला पाठ आहे, विचार तू."

"पुरे," शीलाफुई म्हणाली. ती उठली, दारात गेली आणि मयूरीचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत. पूर्ण मिनिटभर.

"नाडी पन्नास. सत्तर तरी पाहिजे," ती म्हणाली. "दगूवहिनी, हिचा थायरॉईड कधी तपासला?"

आधी मीनाबाई हसली. मग दगूबाई. "थायरॉईड? त्याले अंगवर मांस लागस, शीला. ही काडी. वारा ऊना तर कपडासारखी वळणीवर जाई पडी."

"माझ्याकडे बघ ना," मीनाबाई म्हणाली, "थायरॉईड असा असतो." आणि स्वतःच्या दंडावर थापट मारली.

"तुझा तसा आहे. सगळ्यांचा तसाच असतो असं कोणी सांगितलं तुला? अंगातली भट्टी मंद झाली की भूकही मरते. जी आधीच बारीक, तिचं खाणं अर्धं झालं, तर वजन वाढेल कुठून? उलट बारीक माणसाचं कोणी तपासतच नाही. डॉक्टरही काट्याकडे बघतो आणि टॉनिक लिहितो. थंडी, सूज, केस, पोट, नाडी, महिन्याचं जास्त जाणं. नाडी सोडून ह्या पोरीनं एकूण एक सांगितलं. माझ्या दवाखान्यात शिकाऊ पोरी येतात, त्यांना एवढं दिसत नाही."

रविनाला कानशिलात बसल्यासारखं झालं. शाबासकी होती, पण कोणाच्या बाजूची?

"तू कोनाकडची ग?" दगूबाईचा आवाज चढला. "तुले मी कसाले बोलवं?"

"मी रक्त तपासणाऱ्याकडची. माझ्या बोटांवर जाऊ नका. नुसत्या डोळ्यानं हे ठरत नसतं, रक्त ठरवेल. रिपोर्ट चांगला आला तर करा फारकत, साक्षीदार म्हणून पहिली सही माझी."

आता हे कोणाला नाही म्हणता येईना. दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या, तीन दिवसांची मुदत पडली. भूपेंद्र जाताना नवनीतला एवढंच म्हणाला, "गाडीवर नीट बसवून ने. पडली तर बघ मग."

नवनीतनं दुसऱ्या दिवशी मयूरीला उपाशीपोटी नेऊन तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी रविनाच्याच मोबाईलवर आला, कारण घरात डेटा फक्त तिच्याकडे होता. इंग्रजी तिला धड येत नव्हतं, पण आकडे येत होते. बाजूला छापलं होतं, चार-पाचच्या आत पाहिजे. मयूरीचं होतं ब्याण्णव. गणितात उडालेल्या माणसालाही तो हिशोब कळतो.

तिनं फुईला फोन लावला. फुई म्हणाली, आजच डॉक्टरकडे न्या, गोळी सुरू करा, रोज उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. लगेच उड्या मारणार नाही, दीड-दोन महिने द्या, परत तपासा. "आणि अजून वर्षभर तशीच ठेवली असती ना, तर फारकतीची गरज पडली नसती," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

रविना शेतात गेली. नवनीत केळीच्या घडाला पिशवी बांधत होता.

"तीन वर्षं एका खोलीत झोपतोस," ती म्हणाली. "तिचे पाय बर्फासारखे लागले नाहीत तुला?"

"लागायचे."

"मग?"

"मले काय माहीत. बारीक माणसाचे असतील असं वाटलं."

"भुवया गेल्या तिच्या. भुवया. त्या पण बारीक माणसाच्या जातात?"

"तू व्हिडिओ काढले ना? तुले तरी काय कळलं?"

तिनं त्याच्या हातातली पिशवी हिसकून फाडली आणि निघून आली.

घरी दगूबाई आधी ओरडली की रोगी पोरगी गळ्यात मारली त्या लोकांनी. हिंमतराव म्हणाला, "लग्नात आजार नव्हता, इथं झाला. आता फारकतीचं नाव काढलं तर समाज म्हणेल आजारी सून हाकलली. ऱ्हाऊ दे तिला." तासाभरात दगूबाई दुसऱ्याच सुरात. ठीक शे, राहू दे, गोळ्या घेईल, बरी झाली की काम करी. जशी काय म्हैस आटली होती आणि पुन्हा दूध द्यायला लागणार.

संध्याकाळी भूपेंद्र निकाल ऐकायला आला. दगूबाईनं पाणी दिलं, गोड बोलली. "आमचं काही म्हणणं नाही आता. पोरगी आमचीच शे."

मयूरी आतून बाहेर आली. हातात पिशवी. घरातल्यांना वाटलं डॉक्टरची फाईल असेल. कपडे होते.

"मी चालनी," ती म्हणाली. शब्द हळूहळू, एक-एक चिमटा लावल्यासारखे. "तुम्ही मला काढत होता तेव्हा मला राहायचं होतं. रोज देवाला सांगायची, काढू नको देऊ. आता कागद आला म्हणून ठेवता. कागदाला ठेवा मग."

"माय वं, झाली तोंड वर करून बोलणारी," दगूबाई म्हणाली. "गोळी अजून पोटमा गई नही."

"नवनीतला यायचं असेल तर येईल," मयूरी भूपेंद्रला म्हणाली, सासूला नाही. "दोन महिन्यांनी रक्त तपासायचंय. त्या दिवशी माझ्याबरोबर दवाखान्यात येऊन बसेल तर बघीन. फोनवर नाही."

नवनीत खाली बघत उभा. अडवायलाही पुढे आला नाही आणि हो पण म्हणाला नाही.

रविना जीपपर्यंत गेली. कशाला गेली तिला माहीत नव्हतं. माफी तिला येत नव्हती, आणि मागायची इच्छाही धड नव्हती. ही बाई आजारी होती हे खरं, पण दीड वर्षं मोरीची जाळी आपण साफ केली हेही खरंच होतं.

"व्हिडिओ काढून टाकते मी," ती म्हणाली.

"नको. मले पाठव. डॉक्टरले दाखवसू."

"परत येशील का?"

मयूरी पाय उचलून जीपमध्ये बसायला खूप वेळ लावत होती. रविनानं तिच्या कोपराला धरून वर ढकललं, जरा जास्तच जोरात. मयूरीनं शाल सारखी केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ, रागानं बघितलं.

"तुन्हासंगे भांडाले अंगमा जोर पाहिजे," ती म्हणाली. "तो येऊ दे. मग पाहू."

जीप गेली. ओट्यावरून दगूबाई ओरडत होती की कोणाला पोचवायला गेली ग तू, घरात ये. रविना रस्त्यातच उभी राहिली आणि एक-एक करून अकरा व्हिडिओ पाठवायला लागली.