डाव्या हाताच्या ओळी

राधाकिशनने वहीचं पान उलटलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि घसा साफ केला. कीर्तनात चाल धरायच्या आधी तो असाच घसा साफ करी.

"वाचू का?"

"वाचा ना काका," टेबलापलीकडची डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

अंबाजोगाईच्या त्या दवाखान्यात घाटनांदूरची तीन माणसं बसली होती. मधे मुंजाजी, चाळीस वर्षं गावच्या कीर्तनात मृदंगावर बसलेला. एका बाजूला त्याची लेक मनिषा. दुसऱ्या बाजूला राधाकिशन, तितकीच वर्षं मुंजाजीच्या शेजारी पेटी वाजवत आलेला. मुंजाजीचा डावा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा पडला होता. हात कधीपासून ढिला पडला, असं डॉक्टरीणबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "दिवाळीपसून." तिनं त्याचा पंजा उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याखालचं मांस इतकं झिजलं होतं की तीन-चार महिन्यांचा हिशेब तिला पटेना. आजार किती वेगानं चाललाय हे कळल्याशिवाय पुढचं औषध ठरणार नव्हतं. तेव्हा मनिषाला काकांच्या वहीची आठवण झाली.

वहीत दुसरं काही नव्हतं, नुसती थट्टा होती. राधाकिशनला कुठल्याशा रविवारच्या पुरवणीतून हायकूचा नाद लागला होता. पाच, सात, पाच अशी अक्षरं बोटांवर मोजत तो देवळाच्या ओट्यावर बसे. कधी लहर लागली की पाच ओळींची वात्रटिका. विषय एकच, वाजवणं. तो मुंजाजीच्या मृदंगावर लिही आणि मुंजाजी त्याच वहीत त्याच्या पेटीला दमेकरी म्हातारी म्हणून परतफेड करी. सप्त्यात पंगत बसली की ही वही मोठ्यानं वाचली जाई, आणि वाढपी बुंदीचं घमेलं तसंच हातात धरून हसत उभे राहत. प्रत्येक कवितेखाली राधाकिशन न चुकता तिथी घाली.

"श्रावण वद्य एकादशी," त्यानं वाचलं,

"मुंजाजीचा मृदंग लई तालेवार,
उजवी बाजू चाले जसा घोडेस्वार;
डावी मात्र निजली,
जणू कणीक भिजली,
म्हणते, 'पोळ्या लाटा, मी न वाजणार!'"

डॉक्टरीणबाई खुदकन हसली. "कणीक?"

"मृदंगाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावतात मॅडम," मनिषा म्हणाली. "तेव्हा तो घुमतो."

"म्हणजे ऑगस्टमध्येच डावा हात पडत नव्हता नीट." हसू ओठांवर होतं तोवरच तिचं पेन चालू लागलं. "त्याच्या आधीचं काही?"

राधाकिशननं दोन पानं मागं घेतली. आता त्याचा आवाज जरा खाली आला होता.

"आषाढातलं हाय. 'उजवा धावे, डावा मागून येई, जसा जावई.'"

या वेळी ती हसली नाही. लिहीत राहिली. तिच्या कागदावर आपले विनोद एकाखाली एक रोगाची लक्षणं होऊन बसताहेत, हे राधाकिशनला उलट्या बाजूनंही दिसत होतं.

"अजून आधी?"

या वेळी बोटाला थुंकी न लावताच त्यानं पान उलटलं. रामनवमी. हे अक्षर त्याचं नव्हतं. मुंजाजीचं होतं, काना-मात्रा रांगत गेल्यासारखं.

डावा हा हात
म्हणतो, "थोडं थांब,
आलोच, विठू"

हे पान त्याला चांगलं आठवत होतं. त्यानंच ते कीर्तनकार बुवांना दाखवलं होतं. बुवांनी कीर्तनात निरूपण थांबवून ते दोनदा म्हटलं, आणि हात उंचावून सांगितलं, "बघा माउली, माळकऱ्याची देवाशी सलगी बघा! देवालाच थांब म्हणतो!" सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या होत्या. बायाबापड्यांनी मुंजाजीच्या पाया पडून घेतलं होतं. राधाकिशननं त्या रात्री घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, मुंज्याला देव भेटला.

त्यानं वही डॉक्टरीणबाईपुढं सरकवली. मोठ्यानं वाचवेना.

"हे कुणी लिहिलंय?"

"ह्यानं."

मनिषानं पदर तोंडाला लावला. राधाकिशन मुंजाजीकडं वळला.

"तुला ठावं व्हतं. रामनवमीपसून ठावं व्हतं. कावून बोलला न्हाईस बे?"

"बोललोच की," मुंजाजी म्हणाला. "लिहून देलं तुला."

"आरं पर आमी हसलो रं!"

"हसले म्हणूनच बरं झालं." मुंजाजीनं मान फिरवली नाही. "हसले नसते तर मृदंगावरून उठवलं असतं मला. नवा पोरगा बशिवला असता. तू दर एकादशीला हसवलंस, म्हणून मला इतके दिस वाजवाया भेटलं."

राधाकिशननं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि तो स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिला.

डॉक्टरीणबाईनं वही हळूच परत केली. मग तिनं फार बेतानं विचारलं, "काका, उजव्या हाताबद्दल काही लिहिलंय का?"

मुंजाजीचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो त्यानं उचलला आणि अंगावरच्या उपरण्याखाली घेतला. मनिषाला ते दिसलं नाही. राधाकिशनला दिसलं.

"राधू," मुंजाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

शेवटचं पान आठ दिवसांपूर्वीचं, राधाकिशनच्याच हातचं होतं. ते अजून कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. येत्या एकादशीच्या कीर्तनानंतर वाचायला राखून ठेवलं होतं. राधाकिशननं बोट त्या पानावर ठेवलं. वही मिटली. पुन्हा उघडली.

"हाय," तो डॉक्टरीणबाईला म्हणाला. "माघ शुद्ध एकादशी."

मनिषानं वडिलांकडं पाहिलं. राधाकिशननं वाचलं, पण चाल न लावता, पोस्टातलं पत्र वाचावं तसं.

"उजव्या हाता,
तूही का लागलास
डाव्याच्या नादी?"

पेन कागदावरून सरकत गेलं आणि थांबलं. बाहेर कुणीतरी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मुंजाजी खिडकीतून दिसणाऱ्या लिंबाकडं बघत होता. त्याचे ओठ किंचित हलत होते. तो अक्षरं मोजत होता.

"बरोबर बसलंय," तो म्हणाला. "तुजं आजवरचं सगळ्यात चांगलं हेच हाय, राधू."